हळद, सरकार आणि हिशोबपट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी ते एप्रिल माझा फोन दोन प्रकारच्या माणसांमुळे तापलेला असतो. एक म्हणजे ट्रॉली भरून मोंढ्याबाहेर, म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर, रांगेत उभा असलेला शेतकरी. दुसरा पुण्या-मुंबईतला नातेवाईक. त्याने बातमीत 'हळदीला सोन्याचा भाव' वाचलेलं असतं आणि आमचं नवं घर कधी होतंय ते त्याला विचारायचं असतं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात आमची तीन एकर हळद असते. गावातल्या शेतकरी गटाचा हिशोबही माझ्याकडे आहे. त्यामुळे तेच तेच प्रश्न कानावर येतात. उत्तरं एकदाची लिहून काढतो.

हळदीला हमीभाव आहे का?

नाही. केंद्र सरकार २२ पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करतं. भात, गहू, तूर, सोयाबीन, कापूस, अगदी खोबरंसुद्धा त्यात आहे. मसाल्याचं एकही पीक नाही. हळद नाही, मिरची नाही, जिरं नाही, धने नाहीत.

संसदेत हा प्रश्न आला की ठरलेलं उत्तर मिळतं: हमीभावासाठी पीक देशभर मोठ्या क्षेत्रावर हवं, टिकाऊ हवं, रोजच्या खाण्यातलं आणि अन्नसुरक्षेशी जोडलेलं हवं. यातल्या टिकाऊपणात तरी हळद कोणाला हार जाणार नाही. नीट वाळलेलं हळकुंड वर्षानुवर्षं टिकतं. पण हळदीवाचून कोणी उपाशी राहत नाही, हेही खरंच.

आमच्याच शिवारात एका बांधाला सोयाबीन आणि दुसऱ्या बांधाला हळद असते. सोयाबीनचा भाव पडला तर निदान हमीभावाच्या आकड्याकडे बोट दाखवून भांडता येतं. हळदीत बोट दाखवायला आकडाच नाही.

मग भाव कोसळला तर सरकार हात वर करतं?

अगदी तसंही नाही. बाजार हस्तक्षेप योजना नावाची एक वाट आहे. हमीभावाबाहेरच्या पिकाचा दर आधीच्या सामान्य हंगामापेक्षा किमान १० टक्क्यांनी पडला, तर राज्य सरकार केंद्राकडे प्रस्ताव पाठवू शकतं. खरेदीत तोटा आला तर केंद्र आणि राज्य तो निम्मा-निम्मा सोसतात. खरी मेख इथेच आहे. प्रस्ताव राज्याने पाठवायचा आणि निम्मा तोटाही राज्यानेच उचलायचा, म्हणून प्रस्ताव लवकर निघत नाहीत.

ताजं उदाहरण मिरचीचं. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातल्या लाल मिरचीचे भाव घसरले तेव्हा केंद्राने या योजनेत क्विंटलला ११,७८१ रुपये हा हस्तक्षेप दर मंजूर केला. सरकारने माल विकत घ्यायचा नाही, तर बाजारातला भाव आणि हा दर यांतला फरक द्यायचा, असं ठरलं. तेही अंदाजित उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच. त्याच आंध्राने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या तिजोरीतून हळदीला ६,८५० रुपये दर जाहीर करून खरेदी केली होती. तेव्हा मसाल्याला सरकारी आधार देता येतच नाही, असं कोणी सांगितलं तर मानू नका.

राष्ट्रीय हळद मंडळ आलं. आता भाव बांधून मिळेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त निराशा याच उत्तराने होते, म्हणून जरा मागून सांगतो.

मंडळाची मागणी मूळची तेलंगणातल्या निजामाबादची. आपल्या नांदेडला लागून असलेला जिल्हा. तिथला शेतकरी आणि आमच्याकडचा शेतकरी एकाच भावावर नजर लावून बसतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तिथल्या शेतकऱ्यांनी काय केलं? मोर्चे काढून थकल्यावर थेट उमेदवारी अर्जच भरले. रिंगणात १८५ उमेदवार, त्यातले १७८ शेतकरी! मागण्या दोनच: हळदीला मंडळ आणि हळदीला हमीभाव. इतकी नावं मावावीत म्हणून निवडणूक आयोगाला एकेका केंद्रावर मतदान यंत्रांची रांग मांडावी लागली. भाजपचे उमेदवार धर्मपुरी अरविंद यांनी 'मंडळ आणतो' असं बाँड पेपरवर लिहून दिलं आणि तेच निवडून आले.

पुढे २०२० मध्ये मसाला मंडळाचं प्रादेशिक कार्यालय निजामाबादला आलं. 'कार्यालय नको, मंडळ हवं' म्हणून लोक पुन्हा चिडले. शेवटी १ ऑक्टोबर २०२३ ला, तेलंगणातली विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, पंतप्रधानांनी मंडळाची घोषणा केली आणि ४ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली. प्रत्यक्ष कामकाजाचं उद्घाटन झालं १४ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या दिवशी. पल्ले गंगा रेड्डी पहिले अध्यक्ष झाले. मुख्यालय अर्थातच निजामाबादला.

म्हणजे दोन मागण्यांपैकी एक मिळाली. दुसरी, भावाची, मंडळाच्या कामात कुठेच नाही. संशोधन, नवे पदार्थ, निर्यात, गुणवत्ता, प्रशिक्षण आणि वेगवेगळ्या खात्यांत मेळ घालणं, हे मंडळाचं काम. मंडळ तुमची हळद विकत घेणार नाही. तालुक्यात एका सभेत मी हे सांगितलं तेव्हा मागून एक म्हातारबा म्हणाले, "मग बोर्ड कशाचा, पाटीचा?" सभा हसली. मीही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही.

पण मसाला मंडळ आधीपासून होतंच की. वेगळं कशाला?

होतं. कोचीचं मसाला मंडळ १९८७ पासून आहे आणि ५२ मसाले त्याच्या यादीत आहेत. पण त्याचा जीव वेलदोड्यात. वेलदोड्याची लागवड, लिलाव, निर्यात असं सगळं ते बघतं. बाकी मसाल्यांच्या बाबतीत त्याचं मुख्य काम निर्यातीचं. हळदीची लागवड बघायची कृषी खात्याने, निर्यात बघायची वाणिज्य खात्याने, बाजार समित्या राज्याच्या, औषधी उपयोग आयुषकडे. चार घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी हळदीची गत. ही चार घरं एका टेबलाशी बसवणं एवढं जरी नव्या मंडळाने केलं तरी मी त्याला वाया गेलं म्हणणार नाही. राज्यांचे आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी त्यात असावेत, असं अधिसूचनेतच आहे.

जगातली बहुतेक हळद आपणच पिकवतो, मग भाव आपल्या हातात का नाही?

२०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरवर ११.६१ लाख टन हळद झाली. सरकारी आकड्यानुसार हे जगाच्या उत्पादनाच्या ७५ टक्क्यांहून जास्त आहे. त्यातली बाहेर गेली सुमारे १.५३ लाख टन, म्हणजे आठात एक पोतं. बाकी सात पोती आपणच वरणात, लोणच्यात आणि लग्नात संपवतो. निर्यात २०३० पर्यंत १ अब्ज डॉलरवर न्यायचं सरकारने ठरवलंय. २०२२-२३ ला ती २० कोटी डॉलरच्या थोडी वर होती. निर्यात वाढली तर चांगलंच आहे, पण आज तुमचा भाव ठरतो तो देशातली आवक, गोदामातला शिल्लक माल आणि पाऊस यांवर.

२०२३ मध्ये भाव एकदम दुपटीवर गेला तो सरकारमुळे का?

नाही. त्याआधी कितीतरी वर्षं भाव क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास रेंगाळला होता. लोक कंटाळले आणि सोयाबीनकडे, उसाकडे वळले. लागवड घटली, त्यात जूनचा पाऊस लांबला आणि ऑगस्टपर्यंत वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या महिन्यांचे सौदे आजच होतात त्या बाजारात, हळद १५ हजारांच्या पुढे गेली. २०२३-२४ ला देशातलं क्षेत्र ३.०५ लाख हेक्टरवर आलेलं दिसतं, त्याचं मूळ या कंटाळ्यात आहे. २०१० मध्येही असाच १५ हजारांवर भाव गेला होता, सगळ्यांनी हळद लावली आणि दोनेक वर्षांत तो चार हजारांपर्यंत उतरला.

आता आमच्या घरचं सांगतो. २०२३ ची हळद आम्ही मार्चमध्ये साडेसहा हजारांनी विकली. का? गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज पडत नाही, आणि आमच्याकडे ती वेळ म्हणजे ३१ मार्च. हळद वाळून तयार होते तीही मार्चमध्येच. म्हणजे सरकारच्याच एका सवलतीसाठी आम्ही सगळे एकाच महिन्यात एकाच मोंढ्यात गाड्या उभ्या करतो आणि भाव पाडून घेतो. योजना वाईट नाही, तारीख वाईट आहे. ऑगस्टमध्ये वडिलांनी त्या मार्चच्या विक्रीची हिशोबपट्टी कपाटातून काढून पुन्हा वाचली आणि काही न बोलता परत ठेवली.

वायदेबाजार बंद केला तर शेतकऱ्याचा फायदा होईल का?

माझ्या मते नाही. २०२१ च्या डिसेंबरात सरकारने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले, तरी त्यानंतर सोयाबीन उत्पादक काही सुखी झाला नाही. हळदीचे वायदे सुरू आहेत. त्यात सट्टा आहेच, पण पुढच्या महिन्यांचा अंदाज फोनवर फुकट दिसतो. तो दिसला नाही तर तो फक्त मोठ्या व्यापाऱ्याकडे राहील.

तारण कर्ज म्हणजे काय? सावकारीच की?

सावकारी नव्हे. सगळ्या योजनांमध्ये मला सर्वांत कामाची वाटलेली हीच, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे आणि हळद तिच्यात बसते. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. त्या दिवशीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचल मिळते, मुदत सहा महिने, व्याज सालाला ६ टक्के. गोदामाचं भाडं नाही. व्यापाऱ्याचा माल चालत नाही, फक्त शेतकऱ्याचा.

समजा २० क्विंटल हळद आहे आणि बाजार १२ हजारांचा आहे. मालाची किंमत २ लाख ४० हजार, उचल १ लाख ८० हजार. सोसायटीचं कर्ज भागलं, पुढच्या लावणीच्या बेण्याची सोय झाली. सहा महिन्यांचं व्याज ५,४०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे २७० रुपये. भाव २७० रुपयांपेक्षा जास्त वाढला तर तुम्ही फायद्यात. वाढला नाही, उलट हजाराने पडला, तर २० हजार गेले आणि व्याज वर. थांबणं हाही जुगारच आहे. पण मार्चमध्ये विकणं हा दुसऱ्याच्या मर्जीने खेळलेला जुगार, हा निदान स्वतःच्या.

दोन गोष्टी सांभाळा. माल खणखणीत वाळलेला हवा. ओलसर हळद गोदामात ठेवली तर सहा महिन्यांनी बुरशी आणि किडा, आणि वजनातही तूट. दुसरं, पावतीवर कांडी (लांब हळकुंड) किती, गट्टू (मधला गोल गड्डा) किती हे वेगळं लिहून घ्या. आमच्या गटातल्या एकाच्या पावतीवर नुसतं 'हळद ४० कट्टे' होतं. सोडवायच्या वेळी त्यातले किती कट्टे कांडीचे, यावरून अर्धा दिवस वाद चालला.

हळद साठवून भावाची वाट बघणं आपल्याकडे नवीन नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं, म्हणजे साठवणीचे खड्डे होते, माती इतकी चिवट की त्यात हळद वर्षानुवर्षं सुरक्षित राहायची. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि ती व्यवस्था जवळजवळ संपली.

हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिशच्या मशिनला अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांमधून मिळतं, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पावडरचा छोटा कारखाना टाकायचा असेल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये हिंगोलीच्या नावापुढे हळदच आहे.

एकट्याने घेऊ नका, असं मी सांगेन. कुकर वर्षातून दीड महिना चालतो. आमच्या गटाने एक घेतला. फाइल एका कार्यालयात इतकी पडून राहिली की अनुदान येईपर्यंत दुसरा हंगाम उजाडला. मशिनचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी द्यावे लागले होते. अनुदान नंतर मिळतं, हे धरूनच हिशोब मांडा.

पण फरक पडतो. पूर्वी कढईत हळद शिजायची: तळाची जास्त, वरची कच्ची. वाफेवर एकसारखी शिजते. बीटाच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी खरेदीदार ढिगात हात घालतो, एक कांडी उचलतो आणि मोडतो. कट्कन धातूसारखा आवाज आला आणि आत गडद केशरी रंग दिसला की बोली वर सरकते. कांडी नुसती वाकली, की तो काही न बोलता पुढच्या ढिगाकडे जातो. सगळा बाजार त्या एका आवाजावर चालतो आणि तो आवाज शिजवणी-वाळवणीत ठरतो.

वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचे पैसे कसे मिळतील?

आपोआप एक रुपयाही नाही. वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमतला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे नाव राखून ठेवणं. ते नाव पाकिटावर लावायचं तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव हवं. फी आता फक्त १० रुपये आहे, पूर्वी ५०० होती.

मोंढ्यात मानांकनाचं कोणी विचारत नाही. तिथे कांडी मोडून बघतात. उपयोग होतो तो पाकिटातून विकणाऱ्याला. वायगाव हळद कुरकुमीन, म्हणजे हळदीला रंग देणारं द्रव्य, जास्त असण्याबद्दल प्रसिद्ध, म्हणून तिची पावडर नावावर खपते. नाव मिळालं पण पाकीट नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं.

वसमतच्या हळद संशोधन केंद्राचं काय?

२०२२ मध्ये राज्याने बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी १०० कोटी मंजूर केले. त्यासाठीच्या अभ्यास समितीचे अध्यक्ष तेव्हाचे खासदार हेमंत पाटील होते. माझी अपेक्षा एकच: बेणं. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं आणि भाव चढला की बेणंही चढतं. बहुतेक जण सेलम हाच वाण लावतात आणि बेणं शेजाऱ्याकडून घेतात. त्याबरोबर कंदकूज आणि कंदमाशीही घेऊन येतात. सांगलीकडच्या कसबे डिग्रजच्या केंद्राने 'फुले स्वरूपा' वाण दिला, तसं निरोगी बेणं इथे तालुक्यात मिळालं, तर ती मदत मला कुठल्याही मंडळापेक्षा मोठी वाटेल.

अमेरिकेचं हळदीचं पेटंट आपण हाणून पाडलं होतं ना?

हो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते गोव्यात माशेल इथे जन्मलेले रघुनाथ माशेलकर. फार मोठी लढाई. आमच्या भावात त्याने फरक पडला नाही, पण आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना विचारायचं नव्हतं का आधी?"

हळद हिंगोलीत विकू की सांगलीला नेऊ?

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतला आवक प्रचंड असते, पण भाडं वाचतं आणि पैसे लवकर हातात येतात. सांगलीला खरेदीदार जास्त, चांगल्या मालाला बोली चांगली. माझा ठोकताळा: एकट्याची दहा-पंधरा क्विंटल असेल तर इथेच. गटाने मिळून ट्रक भरत असेल आणि माल एका प्रतीचा असेल तर सांगली. निघण्याआधी तिथल्या ओळखीच्या अडत्याला फोन करून बीट सुरू आहे ना, एवढं विचारा. सुट्टीच्या दिवशी ट्रक उभा राहिला तर भाड्यातच सगळं जातं.

आमची बाजार समिती म्हणते, 'तारण योजना आमच्याकडे सुरू नाही.' आता?

आधी हे लेखी मागा. तोंडी 'नाही' आणि कागदावरचं 'नाही' यात बराच फरक असतो. अर्ज दिल्यावर दोन ठिकाणी योजना अचानक 'सुरू' झालेली मी पाहिली आहे. तरीही नाहीच म्हणाले तर शेजारच्या तालुक्याच्या समितीत विचारा. तेही जमलं नाही, तर वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवा. त्या पावतीवर बँका कर्ज देतात, व्याज जरा जास्त पडतं. सातबारा, त्यावर हळदीचा पेरा, आधार आणि बँकेचं पासबुक एवढं जवळ ठेवा. पेरा नोंदवला नसेल तर सगळं तिथेच अडतं, म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, पावसाळ्यातच करून घ्या. मार्चमध्ये तलाठी सापडत नाही.